'विहीर' आणि प्रेक्षक : काव्यात्म चित्रपटाच्या स्वीकाराचा एक विचार

एखादी कलाकृती एकाच वेळी काही रसिकांना आपल्या काळातील श्रेष्ठ निर्मिती वाटते आणि काहींना ती निव्वळ कंटाळवाणी वाटते, ही घटना कलेच्या इतिहासाला नवी नाही. तथापि अशा मतभेदाचा उलगडा करताना बहुधा दोन सोपे मार्ग स्वीकारले जातात. 'आवडनिवड ज्याची त्याची' असे म्हणून प्रश्न मिटवणे हा एक मार्ग. आणि 'सामान्य प्रेक्षकाची अभिरुची अविकसित असते' असे म्हणून दोष एका बाजूवर टाकणे हा दुसरा. पहिल्या मार्गाने समीक्षेची गरजच संपते. दुसऱ्या मार्गाने समीक्षक स्वतःच्या प्रतिसादाची तपासणी करण्यातून सुटतो. प्रस्तुत लेखात उमेश विनायक कुलकर्णी दिग्दर्शित 'विहीर' या मराठी चित्रपटाच्या निमित्ताने या मतभेदाची मीमांसा करावयाची आहे. प्रेक्षकांच्या परस्परविरोधी प्रतिक्रिया चित्रपटाच्या कोणत्या घटकांतून उद्भवतात, त्यांचा उलगडा भारतीय रसविचाराच्या आणि मराठी समीक्षेच्या परिभाषेत कितपत होऊ शकतो, आणि साहित्याच्या अध्यापकाला त्यातून काय घेता येईल, हे या लेखाचे तीन प्रश्न आहेत.

१. चित्रपट आणि त्याची पार्श्वभूमी

'विहीर' २००९ मध्ये दक्षिण कोरियातील पुसान येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवात प्रथम दाखवला गेला. पुढे बर्लिन महोत्सवातील बालकिशोर प्रेक्षकांसाठी असलेल्या 'जनरेशन' विभागात त्याची निवड झाली आणि मार्च २०१० मध्ये तो महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. लेखन गिरीश कुलकर्णी आणि सती भावे यांचे, छायाचित्रण सुधीर पलसाने यांचे, संगीत मंगेश धाकडे यांचे. मदन देवधर आणि आलोक राजवाडे यांनी समीर आणि नचिकेत या दोन किशोरवयीन मुलांच्या भूमिका केल्या. निर्मिती अमिताभ बच्चन यांच्या ए. बी. कॉर्प या संस्थेची होती.

कथानक म्हणून सांगण्यासारखे फार थोडे आहे. समीर आणि नचिकेत नात्याने भाऊ, वृत्तीने जिवलग मित्र. लग्नकार्याच्या निमित्ताने सारे कुटुंब आजोळच्या घरी जमते. नचिकेताला माणसांच्या गोतावळ्याविषयी, नात्यांच्या बंधनाविषयी, आपल्या असण्याविषयीच प्रश्न पडू लागले आहेत. तो निघून जाण्याची भाषा बोलतो. पुढे विहिरीत त्याचा मृत्यू होतो. उरलेला चित्रपट म्हणजे समीरने घेतलेला त्याचा शोध. लपाछपीचा खेळ, पत्रे, पाणी आणि विहीर यांची आवर्तने या शोधाला आकार देतात. मृत्यूचे कारण शोधून काढणारी चौकशी येथे नाही आणि दुःखाचा निचरा करणारा ठरीव प्रसंगही नाही.

हा चित्रपट प्रेक्षकांपुढे कोणत्या अपेक्षांच्या वातावरणात आला, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. 'श्वास' (२००४) या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यानंतर मराठी चित्रपटाविषयी नवे कुतूहल निर्माण झाले होते. 'श्वास'मध्येही आजोबा आणि नातू यांच्यावर कोसळलेले संकट आहे; पण तेथे संकटाचे स्वरूप स्पष्ट आहे, त्याला आरंभ, ताण आणि शेवट आहे. २०१० च्या जानेवारीत 'नटरंग' आणि 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हे दोन चित्रपट पाठोपाठ प्रदर्शित झाले होते. दोहोंचा कथनप्रवाह सुगम होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे उमेश कुलकर्णी यांचाच आधीचा 'वळू' (२००८). मोकाट वळूला पकडण्याच्या धांदलीतून गावातील राजकारण आणि स्वभाव यांची गंमत उलगडणारा तो चित्रपट प्रेक्षकांनी हसत स्वीकारला होता. 'विहीर'नंतरचा 'देऊळ' (२०११) हाही गावाचेच उपहासात्म चित्र रंगवतो. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे दोन लोकाभिमुख चित्रपटांच्या मधोमध 'विहीर' उभा आहे. तोच दिग्दर्शक, तेच ग्रामीण वातावरण आणि बव्हंशी त्याच वळणाचे कलावंत असूनही त्याची जात निराळी आहे.

हान्स रॉबर्ट याउस या जर्मन समीक्षकाने १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ विद्यापीठातील व्याख्यानात मांडलेली 'अपेक्षाक्षितिजा'ची कल्पना येथे उपयोगी पडते. वाचक कोऱ्या मनाने कृतीकडे जात नाही. परिचित प्रकार, आधीच्या कृती आणि व्यवहारातील भाषा यांनी त्याची अपेक्षा घडलेली असते. 'विहीर'च्या पहिल्या प्रेक्षकाची अपेक्षा 'वळू'ने, निर्मात्याच्या नावाने आणि 'मराठी चित्रपटाला चांगले दिवस आले' या भावनेने घडवलेली होती. या क्षितिजापासून चित्रपटाने जे अंतर राखले, त्या अंतरातूनच मतभेदाचा मोठा भाग जन्माला आला.

२. प्रतिसादांचे तीन प्रकार

अशा चित्रपटाविषयीच्या चर्चेत स्थूलमानाने तीन प्रकारचे प्रतिसाद ऐकू येतात. पहिला प्रतिसाद कथापेक्षी म्हणता येईल. 'पुढे काय होते?' आणि 'तसे का झाले?' या दोन प्रश्नांच्या आधारे असा प्रेक्षक चित्रपट पाहतो. नचिकेताच्या मृत्यूपर्यंत तो चित्रपटासोबत असतो. त्यानंतर चित्रपट कारणांचा शोध घेईल, अशी त्याची अपेक्षा असते. आणि तसे न घडल्याने उत्तरार्ध त्याला संथ आणि लांबलेला वाटतो. दुसरा प्रतिसाद अर्थापेक्षी आहे. हा प्रेक्षक प्रत्येक दृश्याचा संकेत सोडवू पाहतो : विहीर म्हणजे मन, पाणी म्हणजे मृत्यू, लपाछपी म्हणजे जीव आणि ब्रह्म यांचा खेळ. संकेत सुटले की त्याचे समाधान होते. न सुटल्यास दिग्दर्शकाने मुद्दाम गूढता निर्माण केली, असा आरोप होतो. तिसरा प्रतिसाद अनुभवापेक्षी. येथे प्रेक्षक दृश्यांच्या गतीशी आपली गती जुळवून घेतो आणि समीरच्या भटकंतीत सहभागी होतो. त्याला चित्रपटाचा 'अर्थ' विचारला तर कदाचित सांगता येणार नाही. पण आपल्याला काही झाले, एवढे तो खात्रीने सांगतो.

हे तीन प्रकार म्हणजे प्रेक्षकांच्या तीन जाती नव्हेत. एकच प्रेक्षक एका चित्रपटाला कथापेक्षी वृत्तीने आणि दुसऱ्याला अनुभवापेक्षी वृत्तीने सामोरा जाऊ शकतो. एकाच चित्रपटात तो एका वृत्तीतून दुसरीत जाऊ शकतो. शिवाय चौथी एक शक्यता नोंदवली पाहिजे. महोत्सवातील निवडीमुळे किंवा प्रतिष्ठेमुळे न अनुभवताच केलेली स्तुती हाही एक प्रतिसाद आहे. 'कळला नाही' असे प्रांजळपणे म्हणणाऱ्या प्रेक्षकापेक्षा असा स्तुतिपाठक चित्रपटापासून अधिक दूर असतो.

३. रसविघ्नांच्या प्रकाशात

अभिनवगुप्ताने 'अभिनवभारती'त रसप्रतीतीच्या मार्गातील सात विघ्ने सांगितली आहेत. ही चर्चा नाट्याच्या संदर्भातील असली तरी प्रेक्षकाचा प्रतिसाद कोठे अडतो याचे इतके काटेकोर विवेचन क्वचितच आढळते. 'विहीर'विषयीचे आक्षेप तिच्या कसोटीवर ठेवले असता काही उद्बोधक गोष्टी हाती लागतात.

पहिले विघ्न संभावनाविरहाचे. रंगभूमीवर जे घडते आहे ते संभवनीयच न वाटल्यास प्रेक्षकाचे चित्त त्यात स्थिर होत नाही. 'एवढ्या लहान मुलाला असले प्रश्न पडतात का?' हा 'विहीर'विषयीचा आक्षेप या विघ्नाचे थेट उदाहरण होय. या विघ्नावर अभिनवगुप्ताने सांगितलेला उपाय दुहेरी आहे : लोकसामान्य वस्तूच्या बाबतीत प्रेक्षकाचा हृदयसंवाद आणि लोकोत्तर वर्तनाच्या बाबतीत रामादिकांसारखी प्रख्यात नावे, कारण त्यांच्याविषयीचा विश्वास परंपरेने मनात रुजलेला असतो. या दृष्टीने 'नचिकेत' हे नाव विशेष ठरते. मृत्यूनंतर काय, हा प्रश्न साक्षात यमाला विचारणारा कुमार 'कठोपनिषदा'ने भारतीय मनाला फार पूर्वीच दिलेला आहे. ज्या प्रेक्षकाच्या मनात हा संदर्भ जागा होतो, त्याला मुलाच्या तोंडचे प्रश्न अशक्य वाटत नाहीत. ज्याच्या मनात तो जागा होत नाही, त्याला संवाद लेखकाने पात्राच्या तोंडी घातल्यासारखे वाटतात. मात्र उपनिषदातील नचिकेत ज्ञान घेऊन परततो. चित्रपटातील नचिकेत परतत नाही आणि त्याचा प्रश्न समीरकडे वारसा म्हणून येतो. संदर्भ ठाऊक असणाऱ्या प्रेक्षकाला हा फरक अधिक अस्वस्थ करतो. तेव्हा परंपरेचे ज्ञान येथे केवळ संकेत सोडवण्याच्या कामी येत नाही, तर अनुभवाची तीव्रता वाढवते.

दुसरे आणि तिसरे विघ्न प्रेक्षकाच्या स्वतःच्या स्थितीशी निगडित आहेत. ज्याने कोवळ्या वयात जवळचे माणूस गमावले आहे तो प्रेक्षक चित्रपटातील दुःख स्वतःचे दुःख म्हणून भोगू लागतो आणि साधारणीकरण थांबते. अशा प्रेक्षकाची 'फार आवडला' ही प्रतिक्रियाही कलानुभवाची असेलच, असे नाही.

चौथे आणि पाचवे विघ्न, म्हणजे प्रतीतीच्या साधनांची विकलता आणि स्फुटत्वाचा अभाव, 'कळला नाही' या तक्रारीच्या सर्वांत जवळची आहेत. पण येथे एक भेद करणे अगत्याचे आहे. अभिनवगुप्ताला अभिप्रेत असलेले स्फुटत्व प्रत्यक्षवत् प्रतीतीचे आहे. केवळ शब्दाने किंवा अनुमानाने झालेल्या ज्ञानात चित्त विसावत नाही, असे त्याचे म्हणणे. 'विहीर'मध्ये हे प्रत्यक्षवत् स्फुटत्व विपुल आहे. आजोळच्या घरातील वर्दळ, स्वयंपाकघरातील बायकांचे बोलणे, लग्नघराची लगबग, मोकळे माळरान, पाण्याचा पृष्ठभाग हे सारे डोळ्यांना आणि कानांना ठसठशीतपणे प्रतीत होते. अस्फुट आहे तो कार्यकारणभाव. याचा अर्थ असा की 'कळला नाही' म्हणणाऱ्या प्रेक्षकाला दिसलेले अस्पष्ट नसते. दिसलेल्या दोन गोष्टींमधील दुवा त्याला मिळालेला नसतो. संवेदनेची स्फुटता आणि स्पष्टीकरणाची स्फुटता यांतील हा भेद न केल्यास काव्यात्म चित्रपटाविषयीची चर्चा गोंधळाची होते.

सहावे विघ्न अप्रधानतेचे : जे गौण ते प्रधान होऊन बसणे. या विघ्नाची जागा मात्र निंदेत नव्हे, स्तुतीत सापडते. 'छायाचित्रण अप्रतिम आहे' एवढ्यावर थांबणारी प्रशंसा चित्रपटाला सुंदर चित्रांच्या मालिकेचे रूप देते. एकेक चौकट सुटी करून पाहणारा प्रेक्षक तिच्या रचनेचे कौतुक करतो, पण समीरचा शोध त्याच्या दृष्टीने पार्श्वभूमीवर जातो. या धोक्याला चित्रपटाचा सौंदर्यपूर्ण दृश्यविन्यास काही अंशी जबाबदार आहे काय, हा प्रश्न विचारणे रास्त आहे.

सातवे विघ्न संशययोग. एकच अनुभाव अनेक भावांचा असू शकतो. डोळ्यांतील पाणी शोकाचे असेल, आनंदाचे असेल किंवा नेत्ररोगाचेही असेल. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने हा संशय मिटतो. 'विहीर'मध्ये समीरचा स्थायी भाव नेमका कोणता? तो शोक मानल्यास चित्रपट करुणाच्या वाटेने जायला हवा आणि मग विलापाचा, निचऱ्याचा अभाव खटकतो. तो विस्मय मानल्यास भटकंतीतील प्रत्येक भेट अर्थपूर्ण होते. तो शम मानल्यास साऱ्या चित्रपटाची चाल शांत रसाकडे आहे, असे म्हणावे लागते. प्रेक्षकांमधील मतभेदाचे मूळ येथे सर्वांत खोलवर सापडते. ते एकाच चित्रपटाचे कमीअधिक मूल्यमापन करीत नसून वेगवेगळा स्थायी भाव गृहीत धरून जवळजवळ वेगवेगळे चित्रपट पाहत असतात.

रसविचाराची मर्यादाही येथेच लक्षात येते. अभिनवगुप्ताच्या दृष्टीने संशय हे निवारण्याजोगे विघ्न होय. आधुनिक कलाकृतीत मात्र संशय हीच अनुभवाची सामग्री असू शकते. नचिकेताचा मृत्यू हा अपघात होता की त्याच्या निघून जाण्याच्या इच्छेचे फलित, हे ठरले असते तर समीरचा शोध तेथेच संपला असता. वोल्फगांग इझर ज्यांना संहितेतील रिक्त जागा म्हणतो त्या येथे प्रेक्षकाने भरून टाकाव्यात यासाठी नाहीत. त्या रिक्त असल्याची जाणीव समीरसोबत बाळगावी यासाठी आहेत.

४. दुर्बोधतेचा जुना वाद आणि लयीचा विचार

मराठी वाचकाला हा वाद अपरिचित नाही. बा. सी. मर्ढेकरांचा 'काही कविता' हा संग्रह १९४७ मध्ये प्रकाशित झाला तेव्हा दुर्बोधतेचा आरोप याच स्वरूपाचा होता. 'शिशिरागम' (१९३९) मधील मर्ढेकरांना ओळखणाऱ्या वाचकाचे अपेक्षाक्षितिज त्या संग्रहाने मोडले. 'वळू'च्या प्रेक्षकाचे 'विहीर'ने मोडले त्याप्रमाणेच. पुढील काही दशकांत मर्ढेकरांची कविता वर्गात शिकवली जाऊ लागली आणि एकेकाळी दुर्बोध ठरलेली प्रतिमा परिचयाची झाली. यावरून दुर्बोधता हा कृतीचा स्थिर गुण नसून कृती आणि वाचक यांच्यातील ऐतिहासिक संबंध आहे, असे म्हणता येते. अर्थात प्रत्येक दुर्बोध कृती उद्या महान ठरेल, असा उलटा निष्कर्ष यातून निघत नाही.

मर्ढेकरांचा सौंदर्यविचारही येथे उपयुक्त आहे. कलाकृतीचे संघटन संवादलय, विरोधलय आणि समतोललय या तत्त्वांनी होते, अशी त्यांची भूमिका होती. 'संथ' या शेऱ्याने 'विहीर'ची वासलात लावण्यापूर्वी त्याची लय तपासली पाहिजे. पूर्वार्ध माणसांनी भरलेला आहे. एकाच चौकटीत अनेक आवाज, अनेक हालचाली. उत्तरार्धात माणसे विरळ होतात, शब्द कमी होतात, अवकाश वाढतो. भरलेपण आणि रितेपण यांची ही विरोधलय आहे. पूर्वार्धातील गजबज नसती तर उत्तरार्धातील शांतता जाणवली नसती. आणि नचिकेताला नकोसा झालेला गोतावळा प्रेक्षकाला हवाहवासा वाटला नसता, तर त्याच्या नकाराला वजन आले नसते. विहीर, पाणी आणि लपाछपी यांच्या पुनरावृत्तीत संवादलय आहे : खेळात लपलेला गडी सापडतोच, या नियमाला मृत्यू अपवाद ठरतो आणि त्याच खेळाचा अर्थ पालटतो. म्हणजे 'संथ' म्हणून जे जाणवते त्याचा बराच भाग रचनेचे प्रयोजन आहे. तरीही समतोल साधला आहे काय, उत्तरार्धातील काही भेटी वगळल्या असत्या तर लय अधिक घट्ट झाली असती काय, हे प्रश्न उरतात. आणि हेच प्रश्न समीक्षेचे खरे प्रश्न आहेत. कंटाळलेल्या प्रेक्षकाची तक्रार या पातळीवर आणली तर ती अज्ञानाची खूण न राहता विचारार्ह मत होते.

५. मतभेदाची परंपरा

लुप्त झालेल्या व्यक्तीचा शोध घेणारा आणि शोधाला उत्तर न देणारा चित्रपट म्हटला की मिकेलांजेलो अंतोनिओनीच्या 'लाव्हेंतुरा'चे स्मरण होते. १९६० च्या कान महोत्सवात त्याच्या प्रदर्शनाच्या वेळी प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. एका बेटावर नाहीशी झालेली तरुणी पुढे सापडतच नाही, आणि हळूहळू पात्रांना व चित्रपटालाही तिचा विसर पडू लागतो, हे त्यांना असह्य झाले. लगेच रोबेर्तो रोसेलिनी यांच्यासह अनेक कलावंतांनी व समीक्षकांनी चित्रपटाच्या बाजूने निवेदन काढले. त्याच महोत्सवात त्याला ज्यूरी पारितोषिक मिळाले. १९६२ मध्ये ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' नियतकालिकाने घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात तो दुसऱ्या क्रमांकावर होता. 'विहीर'मध्ये नाहीशा झालेल्या मुलाचा विसर पडत नाही, तो अधिकाधिक व्यापत जातो. या अर्थाने दोहोंची दिशा परस्परविरुद्ध आहे. प्रेक्षकाकडे केलेली मागणी मात्र सारखी आहे.

भारतीय संदर्भ पुण्याशीच जोडलेला आहे. प्रभात स्टुडिओच्या आवारात १९६० मध्ये सुरू झालेल्या संस्थेत, म्हणजे आजच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये, ऋत्विक घटक काही काळ अध्यापक होते आणि मणी कौल, कुमार शाहनी हे त्यांचे विद्यार्थी. कौल यांचा 'उसकी रोटी' आणि शाहनी यांचा 'माया दर्पण' (१९७२) यांनी प्रेक्षकांतच नव्हे, चित्रपटकारांतही तट पाडले. सत्यजित राय यांच्यासारख्या श्रेष्ठ दिग्दर्शकाने या प्रवाहाविषयी आपली नापसंती लेखांतून मोकळेपणाने नोंदवली. त्यांचे हे लेख 'अवर फिल्म्स, देअर फिल्म्स' (१९७६) या संग्रहात आहेत. राय यांच्या अभिरुचीला कोणी अविकसित म्हणणार नाही. तेव्हा जाणकार आणि अजाण अशी विभागणी करून हा मतभेद समजत नाही. जाणकारांतही चित्रपटाच्या स्वरूपाविषयीच्या धारणा भिन्न असतात, हे मान्य करावे लागते. उमेश कुलकर्णी हेही याच संस्थेचे विद्यार्थी. परंतु त्यांनी 'विहीर'मध्ये कौल यांच्याप्रमाणे अभिनयातील भाव काढून घेतलेला नाही. कौटुंबिक प्रसंग ओळखीचे, जिव्हाळ्याचे आहेत. त्यामुळे प्रेक्षक परिचित दारातून आत येतो आणि अपरिचित जागी पोहोचतो. 'उसकी रोटी'चा प्रेक्षक पहिल्याच दृश्यांत आपला निर्णय घेऊ शकतो. 'विहीर'चा प्रेक्षक मध्यावर फसवला गेल्याची भावना घेऊन उठू शकतो. त्याच्या नाराजीची तीव्रता या रचनेतून आलेली आहे.

६. अध्यापनाच्या संदर्भात

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत साहित्य आणि चित्रपट यांच्या संबंधाचा अभ्यास रूढ झाला आहे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची १९६४ मध्ये स्थापना झाल्यानंतर पी. के. नायर यांनी जमवलेला संग्रह आणि सतीश बहादूर यांनी घडवलेली चित्रपट-रसास्वादाच्या अध्यापनाची पद्धत यांचा वारसा या शहराला आहे. 'अॅप्रिसिएशन'साठी मराठीने 'रसास्वाद' हा शब्द स्वीकारला, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कारण त्या शब्दासोबत आस्वादकाच्या तयारीचा, त्याच्या सहृदयतेचा आणि आस्वादातील विघ्नांचा सारा विचार येतो.

अशा वर्गात 'कळला नाही' किंवा 'कंटाळा आला' हे उत्तर दडपले जाऊ नये. विद्यार्थ्याला कोणत्या दृश्यापाशी कंटाळा आला, त्या क्षणी तो कशाची वाट पाहत होता, आणि चित्रपटाने त्याऐवजी काय दिले, एवढे तीन प्रश्न विचारले तरी प्रतिक्रियेचे विश्लेषणात रूपांतर होऊ लागते. स्तुती करणाऱ्यालाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत. ज्याला समीरच्या भटकंतीतील शांतता भिडली, त्याने ती कशामुळे भिडली हे दृश्यांच्या आधारे दाखवले पाहिजे; छायाचित्रण सुंदर आहे, एवढे पुरेसे नाही. परीक्षेच्या भीतीने प्रतिष्ठित कृतीची ठरीव स्तुती लिहिणारा विद्यार्थी पुढे अध्यापक झाल्यावर तीच स्तुती पुढच्या पिढीकडे पोहोचवतो आणि कृती वाचली न जाताच अभिजात ठरते. मर्ढेकरांच्या कवितेच्या बाबतीत असे काही प्रमाणात घडले आहे, हे वर्गांतील अनुभवावरून अनेकांना मान्य व्हावे.

या विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. काव्यात्म चित्रपटाविषयीचा मतभेद अपेक्षाक्षितिज, गृहीत धरलेला स्थायी भाव आणि स्फुटत्वाची कल्पना या तीन ठिकाणी निर्माण होतो. अभिनवगुप्ताची रसविघ्नांची मांडणी निंदा आणि स्तुती या दोहोंची तपासणी करण्यास आजही समर्थ आहे. मात्र संशयाला आधुनिक कलेत जे विधायक स्थान मिळाले त्यासाठी तिला पुरवणी जोडावी लागते. आणि मतभेद मिटवणे हे समीक्षेचे कार्य नसून तो कोठे आहे हे नेमकेपणाने दाखवणे हे तिचे कार्य आहे. 'विहीर'च्या उत्तरार्धाची लय कितपत समतोल आहे, याविषयी अभ्यासकांचे एकमत होण्याची आवश्यकता नाही. त्या प्रश्नावर दृश्यांचे दाखले देऊन वाद व्हावा, एवढी अपेक्षा मात्र बाळगता येईल.